ब्राझीलचं घरगुती जेवण आणि तिथल्या रीतीभाती (मुक्काम बेलो होरिझोन्ते)

मेतकूट

मंडळी, या सत्रापुरती विद्यार्थी देवाणघेवाणीत बेलो होरिझोन्तेला आले आहे. शिक्षण आर्किटेक्चरचं, मुक्काम एका स्थानिक कुटुंबात. माहेर इचलकरंजी, त्यामुळे चिकन-मटण चालतं, बीफ नाही. निघण्याआधी इथल्या जुन्या धाग्यांत ब्राझील शोधलं, तर रिओ, कार्निव्हल आणि सळईवरचं मांस यापलीकडे फारसं काही हाती लागलं नाही. म्हणून लिहायला घेतलं.

मी आहे ते राज्य मिनास जेराइस. समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब, चहूकडे डोंगर, माती लोखंडाने लाल. अठराव्या शतकात इथे सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली आणि खायला मात्र काही नव्हतं. खेचरांचे तांडे घेऊन फिरणारे व्यापारी सोबत बांधून नेत ते टिकाऊ सामान, म्हणजे घेवड्याचे दाणे, कसावा नावाच्या कंदाचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस. आणि घरोघरी परसातली कोंबडी, मका, पालेभाजी. इथलं जेवण अजून त्याच सामानावर उभं आहे. तांड्यांचा तो कोरडा घेवडा आजही त्यांच्याच नावाने, फेइजाँव त्रोपेइरु म्हणून, प्रत्येक खानावळीत मिळतो.

रोजचं ताट सांगते. भात, घेवडा (फेइजाँव), एखादी भाजी, चिकन किंवा अंडं, आणि टोमॅटो-सॅलडची पानं. रोज. सणाला वेगळं, पाहुणे आले तर थोडं जास्त, पण भात आणि घेवडा हटत नाहीत. घेवडा रात्री भिजत घालतात, सकाळी कुकरला लावतात, वर लसणाची सढळ फोडणी. कुकर आपल्यासारखा शिट्ट्या मारत नाही, एकसारखा फुसफुसत राहतो, आणि अकराच्या सुमाराला इमारतीच्या जिन्यात सगळ्या मजल्यांवरून तो आवाज आणि लसणाचा वास येतो. भातही आधी तेल-लसणावर परतून मोकळा शिजवतात. तिखट जवळजवळ नसतंच. मिरच्या तेलात किंवा ऊसाच्या दारूत मुरवून बाटलीत ठेवलेल्या असतात, ज्याला हव्या त्याने थेंब थेंब घ्यायचा.

भेंडी आहे! कोंबडी आणि भेंडीचा रस्सा हा इथला मानाचा पदार्थ. बुळबुळीतपणा जावा म्हणून आधी कोरडी परततात आणि लिंबू पिळतात, अगदी आपल्यासारखं. त्याच्या जोडीला आंगू, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तीही जुन्या पद्धतीने मिठाशिवाय. मीठ रश्शात असतं ना, मग परत कशाला, असं घरच्या काकूंचं म्हणणं. खाल्ल्यावर पटतं.

फारोफाशी मात्र अजून जमलेलं नाही. कसावाचं जाडसर पीठ लोण्यात नाहीतर चरबीत परतायचं, कांदा-अंडं घालायचं आणि घेवड्यावर भुरभुरायचं. शिरा करायला घेऊन कुणी रवा भाजून तसाच वाढावा, तसा पहिला घास लागतो. घरातला धाकटा मुलगा ते नुसतं चमच्याने खातो.

आणि पांव जि केजू! कसावाच्या आंबवलेल्या सत्त्वात चीज, अंडी, दूध मळून भाजलेले गोळे. बाहेरून कडक, आत चिवट-मऊ. गरम खायचे, गार झाले की दगड. आपला साबुदाणा याच कंदाचा, त्यामुळे तो चिवटपणा जिभेला लगेच ओळखीचा वाटला. यातलं चीज मिनासचंच. कच्च्या दुधाचं, हाताने दाबून केलेलं हे चीज करण्याच्या पद्धतीला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. हे मला विमानतळावरून घरी येईपर्यंत दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं.

आता खरी अडचण. रात्री जेवण नाही! दुपारचं जेवण हेच जेवण. संध्याकाळी सात-आठला पाव, लोणी, चीज, कॉफी, फार तर सकाळचं काही गरम करून. त्यांच्या मते हे पुरेसं आहे, आणि खरंतर आहेही. पण नऊ वाजता पोट भाकरी मागायला लागतं, त्याला काय सांगणार?

माणसांबद्दल थोडं. भेटल्यावर गालाला गाल लावून ओठांनी हवेत आवाज करायचा. बायका-बायका आणि बाई-पुरुष असं, पुरुष-पुरुष हात मिळवून पाठीवर थाप. खोलीत पंधरा माणसं असली तर पंधरा जणांना. निघताना पुन्हा. मिनासच्या जुन्या रिवाजाप्रमाणे गालाला गाल तीनदा, तिसरा लग्न लवकर जमावं म्हणून. माझ्या वयाचे एकावर भागवतात, घरच्या आजी तीन घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. आडनाव कुणी वापरत नाही. कॉलेजात दुपारी जेवण झालं की बॅगेतून ब्रश काढून बेसिनपाशी दात घासायची रांग लागते, ऑफिसांतही तेच म्हणे. दिवसातून दोनदा अंघोळ तर ठरलेली. 'आज जरा कंटाळा आला अंघोळीचा' हे वाक्य इथे कुणाला बोलून दाखवू नये.

बाकी विचाराल तसं सांगते.

विसूनाना

छान लिहिलंयस. पण रोज भात-घेवडा म्हणजे कंटाळा येत नाही का गं? आणि बीफ टाळणं खरंच शक्य आहे? माझा भाचा कामानिमित्त तिकडे गेला होता, तो म्हणाला की पाण्यातही बीफ असतं.

मेतकूट

नाना, आपण रोज वरण-भात-पोळी खातो तेव्हा कुठे कंटाळतो? बीफ टाळणं घरात सोपं आहे, एकदा सांगितलं की झालं. मिनासमध्ये डुक्कर आणि कोंबडी यांचाच जोर जास्त. बाहेर मात्र घेवड्यात काय आहे ते विचारावं लागतं. बहुतेक वेळा डुकराचा एखादा तुकडा किंवा चरबी असतेच.

अडगुलं_मडगुलं

साओ पावलोत नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली, म्हणून चार शब्द.

मेतकूटने लिहिलं ते मिनासचं, आणि ते खरं आहे. पण ब्राझील म्हणजे एक देश कमी आणि खंड जास्त. साओ पावलोत गालाला गाल एकदाच. रिओत दोनदा. नव्या माणसाने समोरच्याच्या मानेच्या हालचालीवर लक्ष ठेवावं, इतकंच.

साओ पावलोत खानावळींचे वार ठरलेले असतात. सोमवारी विरादु, म्हणजे कसावाच्या पिठात घोटलेला घेवडा, सोबत डुकराची चाप, तळलेलं केळं, अंडं, पालेभाजी. बुधवारी आणि शनिवारी फेइजुआदा, म्हणजे काळा घेवडा आणि डुकराचे सगळे भाग एका भांड्यात तास न् तास शिजवलेले, बरोबर संत्र्याच्या फोडी. बुधवारी दुपारी फेइजुआदा खाऊन ऑफिसला परत जाणाऱ्या लोकांकडून तीननंतर काम होईल अशी अपेक्षा मी लवकरच सोडली.

फेइजुआदाबद्दल एक गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो : मालकांनी टाकून दिलेले कान, शेपूट, पाय गुलामांनी घेवड्यात शिजवले आणि हा पदार्थ झाला. ऐकायला चांगली आहे, पण खाद्येतिहासाचे अभ्यासक ती मानत नाहीत. डुकराचे कान-पाय पोर्तुगालमध्ये श्रीमंतही आवडीने खात आणि मांस-कडधान्य एकत्र शिजवणं ही युरोपातली जुनी रीत. गुलामांच्या वाट्याला बहुधा नुसता घेवडा आणि कसावाचं पीठच यायचं. गुलामगिरी तिथे कायद्याने संपली ती १८८८ साली, हे आठवलं की या गोड गोष्टीचा जरा राग येतो.

हाताने खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. पिझ्झा काटा-चमच्याने, सॉरी, काट्या-सुरीने खातात. वडापावसारखी हातात धरायची वस्तू कागदी रुमालात गुंडाळून. अन्नाला बोट लागता कामा नये. मी केळं सोलून खात होतो तर एक सहकारी मजेने बघत होता, कारण त्याच्या घरी आजी केळंसुद्धा ताटलीत सुरीने कापून खाते.

खमंग

पोळी नाही, तिखट नाही, रात्रीचं जेवण नाही, हाताने खायचं नाही. जगता कसे?

अडगुलं_मडगुलं

किलोवर! गंमत नाही. 'पोर किलो' खानावळी असतात. ताट घेऊन रांगेत जायचं, हवं ते वाढून घ्यायचं, शेवटी वजनकाटा. शंभर ग्रॅमचा भाव पाटीवर लिहिलेला. भात, घेवडा, भोपळा, बीट, गाजर, कोबी, तळलेलं केळं, अंडी असं सगळं असतं. शाकाहाऱ्यांसाठी याहून सुखाची जागा नाही, कारण दिसतं तेच घ्यायचं आणि कुणाला समजावून सांगायचं नाही. अनुभवी माणूस कलिंगड ताटात घेत नाही, वजन वाढतं.

जाईची_आई

सगळ्यांचे प्रतिसाद वाचते आहे. माझी मुलगी पुढच्या वर्षी बहुतेक तिकडेच जाईल, शहर अजून नक्की नाही. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. कृपया जरा नीट सांगाल का, ती तिथे उपाशी तर राहणार नाही ना? घरच्या लोकांना आधी कळवायचं असतं ते कसं कळवावं?

मेतकूट

काकू, उपाशी नाही राहणार. विद्यापीठाच्या खानावळीत (सगळे तिला बांदेजाँव म्हणतात, खाचांच्या ट्रेवरून) रोज एक शाकाहारी पर्याय असतो. बऱ्याचदा सोया, कधी चणे. सरकारी विद्यापीठांत मुळात शिकायची फी नाही आणि ही खानावळही अगदी स्वस्त.

घरच्यांना कळवताना 'मांस खात नाही' एवढ्यावर थांबू नका. त्यावर लोक मनापासून हॅमचे तुकडे किंवा चिकन वाढतात, कारण त्यांच्या लेखी मांस म्हणजे गाईबैलाचं. चिकन, मासे, हॅम, सॉसेज, डुकराची चरबी, अंडं असं एकेक नाव घेऊन लिहा. चरबी मुद्दाम लिहा, मिनासमध्ये पालेभाजीसुद्धा तिच्यात परततात. घेवडा तिच्यासाठी वेगळा काढून ठेवायला सांगा, आधीच शिजवलेल्यातून तुकडे उचलून टाकतील नाहीतर! आणि पांव जि केजूत अंडं असतं, हे तिला माहीत असू द्या.

आमच्याकडे कोव्ही नावाची पालेभाजी असते, पानं एकावर एक गुंडाळून दोऱ्याइतकी बारीक चिरतात आणि लसणावर जेमतेम परततात. लाल भोपळा, रताळी, कसावाचे उकडलेले आणि तळलेले तुकडे, मक्याचं कणीस. फळांचं तर विचारू नका. फक्त एक धक्का पचवायला लागतो. इथे अॅव्होकॅडो साखर-दूध घालून मिक्सरमधून काढतात, तोही गोडच. मी 'मीठ-लिंबू-कांदा' म्हटल्यावर काकूंनी चेहरा असा केला की मी विषय बदलला.

मांडवीकाठ

गोंयकाराने पण बोलायला हवं ना. आमच्याकडेही फेइजुआदा होतो, घेवडा आणि गोव्याचं चोरीस (डुकराचं सॉसेज) घालून. पण आमच्या चोरिसात विनेगर, लसूण आणि लाल मिरची ठासून भरलेली असते. ब्राझीलचा एक मित्र पणजीत घरी जेवला तेव्हा पहिल्या घासाला पाणी मागत होता. पोर्तुगीज दोन्हीकडे आले, मिरची मात्र अमेरिका खंडातून निघून आमच्याकडे येऊन घरजावई झाली, तिच्या माहेरी तिला ताटाच्या कडेला बाटलीत ठेवतात. उलटा न्याय!

काजूही तिकडचाच. आम्ही बोंडापासून फेणी काढतो. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर बोंडाचा रस रोजच्या रोज पितात, थोडा तुरट लागतो पण थंड केला की बेस्ट. मेतकूट, तुमच्याकडे मिळतो का?

मेतकूट

दुकानात बाटलीतला आणि गोठवलेला गर मिळतो. ताजं बोंड इथे क्वचित दिसतं, लगेच खराब होतं ना.

निळावंती

गोव्याचा विषय निघाला म्हणून ईशान्येकडच्या बाहिया राज्याचं सांगते. मी साल्वादोरला काही काळ होते, आणि मिनासचं वर्णन वाचताना दुसऱ्याच देशाचं वाचतेय असं वाटलं. तिथे नारळाचं दूध, कोथिंबीर, सुकी कोळंबी आणि देंदे नावाचं ताडाचं केशरी तेल. स्वयंपाकातला मोठा भाग पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या हातचा.

रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुगीर घागऱ्यातल्या, डोक्याला पांढरं बांधलेल्या बायका कढई घेऊन बसतात. चवळी भिजवून, सालं काढून, कांद्याबरोबर वाटतात, लाकडी चमच्याने फेटून फेटून हलकी करतात आणि देंदेत मोठे वडे तळतात. हा अकाराझे. मग तो फोडून आत सुक्या कोळंबीचं घट्ट सारण, भेंडीचं कारुरू, टोमॅटो. 'गरम हवा का' असं विचारलं तर ते तिखटाबद्दल असतं, वड्याच्या गरमपणाबद्दल नव्हे, तेव्हा विचारपूर्वक उत्तर द्या. मूळ हा नैवेद्य आहे, कांदोंब्ले या आफ्रिकी मुळाच्या पंथात यांसां देवतेला वाहायचा. त्यामुळे विकणाऱ्या बाईंचा तो पोशाख पर्यटकांसाठी घातलेला नसतो, निदान मुळात तरी नव्हता.

जाईच्या आई, शहर ईशान्येकडचं निघालं तर शाकाहाराचं गणित वेगळं, सुकी कोळंबी सगळीकडे असते. पण सकाळचा कुस्कुस (मक्याच्या पिठाचा वाफवलेला, इडलीच्या भावकीतला) आणि तापियोकाचे पांढरे घावन निर्धास्त खाता येतील. तापियोका म्हणजे कसावाचं सत्त्व, ओलसर. कोरड्या तव्यावर पसरलं की आपोआप जुळून येतं, ना तेल ना पीठ. आत ओलं खोबरं. उपासाला चालणारं आहे!

खमंग

साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची... आपला एकादशीचा अख्खा फराळ दक्षिण अमेरिकेतून आलाय की काय?

निळावंती

वरीचे तांदूळ सोडले तर जवळजवळ हो. शेंगदाण्याचं तिथेही मोठं प्रस्थ आहे. जून महिन्यात संत जॉनच्या नावाने जत्रा भरतात, २४ जूनला मुख्य दिवस. शेकोट्या, पताका, ठिगळं लावलेले कपडे घालून नाच. तेव्हा शेंगदाणे आणि काकवीच्या गुळाची चिक्की असते, थेट आपली लोणावळ्याची. पासोका म्हणजे शेंगदाण्याचं कूट, साखर आणि मीठ दाबून केलेली वडी, हात लावला की भुगा. आणि मक्याचे दाणे दुधात शिजवून दालचिनी घातलेली खीर. तिकडे जून म्हणजे थंडी, म्हणून हे सगळं उष्ण आणि गोड.

गोठेवाला

मी पशुवैद्यक, त्यामुळे माझा प्रतिसाद जेवणाच्या आधीचा. मेतकूट ज्या मिनासमध्ये आहे त्याच राज्यात उबेराबा नावाचं शहर आहे. तिथे आपल्या गाईंचं माहेर वसवलंय म्हणा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंत ब्राझीलच्या पशुपालकांनी भारतातून बैल-गाई जहाजाने नेल्या. आंध्रातली ओंगोल तिकडे नेलोरे झाली, आपली कांक्रेज गुझेरा, आणि गीर तशीच गीर राहिली. उष्णता, गोचीड, सुमार चारा हे सगळं युरोपी गाईंना झेपत नव्हतं, यांना झेपलं. आज तिकडच्या मांसाच्या जनावरांत नेलोरेच बहुसंख्य, आणि गीर-होल्स्टाइन संकर 'जिरोलांदो' देशाच्या दुधाचा मोठा वाटा उचलतो. उबेराबाला दरवर्षी वशिंडवाल्या गुरांचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि दुधाळ गीरचं वीर्य आता उलट भारतात यायला लागलंय.

विसूनानांच्या प्रश्नाशी संबंधित एक कडू माहिती : वशिंडाचं मांस, कुपीं, हा तिकडच्या मांसाहारी मेजवानीतला खास भाग. आपल्याकडच्या माणसाला ऐकवत नाही, पण आहे.

विसूनाना

एवढं तपशिलात नको होतं. पण धन्यवाद.

ढवळाढवळ

दक्षिणेकडून हजर. पोर्तो आलेग्रीत दोन हिवाळे काढलेत. आमच्याकडची खरी परीक्षा जेवणाची नाही, पेयाची. शिमाहाँव. येर्बा माते नावाच्या झाडाची वाटलेली हिरवी पानं एका भोपळ्याच्या भांड्यात (कुया) भरतात, त्यावर गरम पण न उकळलेलं पाणी, आणि धातूची गाळणीवाली नळी, बोम्बा. भांडं एक, नळी एक, माणसं आठ!

यजमान पहिला घोट स्वतः घेतो, कारण पहिलं पाणी सगळ्यात कडू. मग भरून तुमच्या हातात. तुम्ही पूर्ण प्यायचं, तळाला नळीचा खर्र् आवाज येईपर्यंत. मग भांडं परत त्याच्याकडे, तो पुन्हा भरतो, पुढच्याला देतो. नळी हलवायची नाही, पुसायची तर नाहीच. 'धन्यवाद' म्हणालात की तुम्हाला आणखी नको असा अर्थ घेतात आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. आपण मराठी माणसं उष्टं म्हटलं की दोन पावलं मागे सरतो. ओठ न लावता वरून पाणी पिणारी जात आपली! पण तिथे ते भांडं नाकारणं म्हणजे त्या वर्तुळातून बाहेर उभं राहणं. करोनाच्या काळात लोकांनी प्रत्येकी वेगळं भांडं धरलं, आणि जुन्या माणसांना तेच फार लागलं होतं असं माझे घरमालक सांगायचे.

पोस्टमन_काका

आमंत्रणाबद्दल कुणी बोललं नाही अजून. 'ये की घरी कधीतरी' असं तिथे प्रत्येक जण म्हणतो. दिवस, वेळ, पत्ता सांगितला तर ते आमंत्रण. नाही सांगितलं तर तो निरोप घ्यायचा गोड प्रकार. पुण्यातल्या लोकांना हे समजायला अजिबात वेळ लागू नये.

पार्टी आठला म्हटली तर आठला जाऊ नये, यजमानीण ओल्या केसांनी दार उघडते. आणि निघणं हा स्वतंत्र कार्यक्रम. उठल्यावर अर्धा तास, दारात अर्धा तास, गाडीपाशी पुन्हा. तेवढ्यात कॉफी येते.

मेतकूट

काका, शेवटचा परिच्छेद वाचून आईची आठवण आली. जिन्यातल्या गप्पांत ती कुणाला हार जायची नाही.

वाढदिवसाचं लिहायचं राहिलं. गेल्या रविवारी आजींचा होता. केकपेक्षा त्याभोवतीचे लहान गोळे महत्त्वाचे. ब्रिगादेइरु, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी कढईत आटवून, हाताला लोणी लावून वळलेले आणि चॉकलेटच्या शेवयांत घोळवलेले. नाव कुणा ब्रिगेडियरवरून. १९४५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एदुआर्दु गोमीस नावाचे हवाई दलातले अधिकारी उभे होते, त्यांच्या समर्थक बायकांनी प्रचारात हे गोळे विकले असं सांगतात. ते निवडणूक हरले, गोळे जिंकले. गाणं टाळ्यांच्या तालावर, शेवटी जोरात आरोळ्या. मग केकचा पहिला तुकडा कुणाला द्यायचा हे वाढदिवस असलेल्या माणसाने ठरवायचं, सगळ्यांसमोर! तिथे जी शांतता पसरते आणि सुनांचे चेहरे जसे होतात, ते बघण्यासारखं असतं. आजी हुशार. त्यांनी तो घरकामाला येणाऱ्या बाईंना दिला.

अडगुलं_मडगुलं

वा आजी! पण आता विषय निघालाच आहे तर त्या बाईंबद्दल आणखी लिही ना. मला या बाबतीत ब्राझील आणि आपण अस्वस्थ व्हावं इतके सारखे वाटलो.

मेतकूट

त्या आठवड्यातून एकदा येतात, दिवसाच्या मजुरीवर. दुपारी आमच्याच टेबलावर जेवतात, काकू त्यांच्या मुलांची विचारपूस करतात, जाताना त्याही गालाला गाल लावून निरोप घेतात. हे सगळं बघून मी खूश झाले होते. मग लक्षात आलं की इमारतीला दोन लिफ्ट आहेत, एकीवर 'सामाजिक' आणि दुसरीवर 'सेवा' लिहिलेलं, आणि त्या कायम दुसरीने येतात. कुणी सांगत नाही त्यांना. घराच्या प्लॅनमध्ये स्वयंपाकघरामागे खिडकी नसल्यासारखी एक खोली आणि चिंचोळं न्हाणीघर आहे, मूळ आराखड्यात ती नोकराची खोली. आता तिथे इस्त्रीचं टेबल आणि सायकली. आमच्या वर्गात जुन्या फ्लॅट्सचे आराखडे अभ्यासायला दिलेत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात ही खोली आहे.

अडगुलं_मडगुलं

साओ पावलोत लिफ्टच्या दारावर पाटी असते : वंश, लिंग, वर्ण, सामाजिक स्थिती यावरून लिफ्ट वापरण्यात भेदभाव केल्यास दंड. पाटी लावावी लागते यातच सगळं आलं. पण कायदा तरी त्यांनी केला. २०१३ च्या घटनादुरुस्तीने घरकामगारांना आठवड्याला ४४ तासांची मर्यादा आणि जादा कामाचा मोबदला मिळाला. त्यानंतर पूर्णवेळ बाई ठेवणं महाग झालं आणि दिवसाच्या मजुरीवरच्या बायका वाढल्या, असं माझ्या ओळखीची सगळी कुटुंबं कुरकुरत सांगायची. आपल्याकडे किती सोसायट्यांत बाईंना पाहुण्यांच्या लिफ्टने जाऊ देतात, हा वेगळा धागा काढावा कुणीतरी.

पोस्टमन_काका

काढा, मी येतो भांडायला.

जाईची_आई

खूप माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. आता अगदी बाळबोध प्रश्न. तिच्यासोबत छोटा मिक्सर, इलेक्ट्रिक किटली आणि कुकर द्यायचा विचार आहे. तूरडाळ किती किलो द्यावी? आणि न्हाणीघरात शॉवरच्या डोक्यावर वायरी असतात असं एका ओळखीच्यांनी सांगितलं, ते खरं का?

अडगुलं_मडगुलं

वायरी खऱ्या आहेत. पाणी तापवायचं यंत्र शॉवरच्या तोंडातच बसवलेलं असतं. बघून पोटात गोळा येतो, पण देशभर लोक रोज त्याखाली अंघोळ करतात. एक नियम : अंगावर पाणी चालू असताना वरची कळ उन्हाळा-हिवाळा फिरवायची नाही. आधी नळ बंद, मग कळ.

मिक्सर-किटली नको. बेलो होरिझोन्तेत आणि साओ पावलोत घरात १२७ व्होल्ट वीज असते, ब्राझीलच्या इतर बऱ्याच शहरांत २२०. आपली २३० ची किटली १२७ वर कोमट पाणी करेल फार तर. मिक्सर धापा टाकेल. शहर ठरलं की आधी व्होल्टेज विचारा. प्लगही वेगळा, तीन गोल दांड्यांचा, मधली जरा सरकलेली. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात, त्यांच्यासाठी फक्त अॅडॉप्टर.

मेतकूट

काकू, कुकर तर मुळीच नको, इथे प्रत्येक घरात आहे. हळद सुपरमार्केटात मिळते, जिरंही. मसूर मिळते, नव्या वर्षाच्या रात्री भरभराटीसाठी ती मुद्दाम खातात. काबुली चणे मिळतात. तुरीचे अख्खे दाणे 'ग्वांदू' नावाने बाजारात दिसतात, पण डाळ केलेली नाही. मोहरी, हिंग आणि गोडा मसाला मात्र द्या. मला हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधून ठेवावी लागते, घरचा कुत्रा बॅगेपाशी जाऊन बसतो.

जाईचं शहर नक्की झालं की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बेलो होरिझोन्ते निघालं तर घरच्या काकूंशी बोलून ठेवते, त्यांच्या बहिणीकडेही विद्यार्थी ठेवतात आणि ती बहीण चरबी वापरत नाही.